बहात्तर गावांचे विधिमंडळ



निवडणूक आली की आपल्या भागात हवा तापायला वेळ लागत नाही. ग्रामपंचायत असो, विकास सोसायटी असो, कारखाना असो की विधानसभा, पारावर आणि चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो. कोण कोणाच्या पॅनेलमध्ये, कोणाची भावकी कुणीकडे, याचा हिशेब लहान पोरालाही तोंडपाठ असतो. पण एकदा गुलाल उधळून झाला आणि अंगावरचे कपडे धुवायला टाकले, की पुढची पाच वर्षे काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. निवडून दिलेल्या माणसाकडून हिशेब कसा घ्यायचा, हा लोकशाहीतला खरा अवघड धडा आहे. मत देणे एका दिवसाचे काम; हिशेब घेणे बारमाही.

हा धडा मोठ्या देशांच्या कारभारावरून लवकर उमगत नाही. दिल्ली लांब, मुंबईही लांब. लहान राज्यात सगळे डोळ्यांसमोर असते. म्हणून या अंकात आम्ही दोन लहान राज्यांची हकिगत सांगणार आहोत. एक युरोपातले, अजूनही नांदत असलेले. दुसरे आपल्या महाराष्ट्रातले, नकाशावरून गेलेले, पण विसरू नये असे.

डोंगरावरचे प्रजासत्ताक

इटली देशाच्या पोटात, टिटानो नावाच्या डोंगरावर आणि त्याच्या उतारावर सान मारिनो नावाचे एक स्वतंत्र प्रजासत्ताक आहे. चारी बाजूंनी इटली, मध्ये हे. क्षेत्रफळ अवघे ६१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या भाषेत पंधरा हजार एकर. आपल्या जिल्ह्यात अशी सुमारे पावणेतीनशे राष्ट्रे मावतील. लोकवस्ती चौतीस हजारांच्या आसपास, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी.

या देशात राजा नाही आणि पाच वर्षे खुर्चीत बसणारा राष्ट्रपतीही नाही. लोक साठ जणांचे विधिमंडळ निवडतात. त्याची मुदत पाच वर्षांची. हे विधिमंडळ मंत्री नेमते आणि देशाचे दोन प्रमुख निवडते. होय, दोन! दोघांचा अधिकार सारखा. एकाला पटले नाही तर तो दुसऱ्याचा निर्णय अडवू शकतो. आणि मुदत किती? फक्त सहा महिने. दर १ एप्रिलला आणि १ ऑक्टोबरला नवी जोडी बसते. एकदा पद भूषविलेल्याला पुढची तीन वर्षे ते पुन्हा मिळत नाही. अशा जोड्यांची नोंद १२४३ सालापासून सापडते. त्या वेळी आपल्याकडे देवगिरीला यादवांचे राज्य होते, हे ध्यानात घ्या.

यापेक्षाही आम्हाला महत्त्वाच्या वाटल्या त्या दुसऱ्या दोन रीती. पहिली अशी की, हे प्रमुख पायउतार झाले म्हणजे सुटले असे नाही. त्यानंतर ठरावीक मुदतीत कोणीही नागरिक त्यांच्या कारभाराविषयी तक्रार नोंदवू शकतो आणि तिची चौकशी होते. दुसरी रीत अर्जांची. नवी जोडी बसल्यानंतरच्या पहिल्या रविवारी लोक आपले अर्ज घेऊन येतात आणि प्रमुखांच्या हाती देतात. स्वीकारलेल्या अर्जावर विधिमंडळाला सहा महिन्यांच्या आत चर्चा करावीच लागते. फाईल वरच्या मजल्यावर गेली, साहेब रजेवर आहेत, असे म्हणायची सोय नाही.

वाचक म्हणतील, ते गोऱ्यांचे राज्य, शिकलेले लोक, श्रीमंत देश. आपल्याकडे असे कुठले? म्हणून आता औंधाकडे वळू.

राजानेच राज्य सोडले

औंध हे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले गाव. यमाईच्या डोंगरामुळे आपल्याकडचेही पुष्कळ लोक तिथे जाऊन आलेले असतील. इंग्रजांच्या अमदानीत हे पंतप्रतिनिधींच्या संस्थानाचे मुख्य गाव होते. संस्थान छोटे, सुमारे पाचशे चौरस मैलांचे आणि बहात्तर गावांचे. तेही सलग नव्हे. औंध, कुंडल, आटपाडी आणि पार विजापुराकडचे गुणदाळ असे तुकडे विखुरलेले. १९३१ च्या खानेसुमारीत संस्थानची वस्ती पाऊण लाखाच्या थोडी वर होती. मुलूख बहुतेक कोरडा. माणदेशातला दुष्काळ काय असतो, हे आमच्या पाथर्डी-कर्जत-जामखेडच्या सभासदांना सांगायला नको. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ज्यांनी वाचली, त्यांनी हा मुलूख पाहिल्यासारखाच आहे.

तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक अशी त्यांची ख्याती. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळ माळरान देणारे राजे ते हेच. त्यातूनच १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे आपला लोखंडी नांगर ज्या माळावर घडला, त्या माळाचे हे धनी.

रयतेच्या प्रतिनिधींची सभा औंधात आधीपासून होती. पण सभेने बोलावे आणि शेवटचा शब्द राजाचा, असा तो प्रकार. १९३८ सालच्या अखेरीस मात्र राजांनी जाहीर केले की, राज्याचा कारभार प्रजेच्या हाती द्यायचा. हे घडवून आणण्यात दोघांचा मोठा हात होता. एक राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, विलायतेत शिकून बॅरिस्टर होऊन आलेले. दुसरे मॉरिस फ्रीडमन. हे पोलंडमधल्या वॉर्सा शहरचे इंजिनिअर, नोकरीसाठी बंगलोरला आले आणि गांधीजींच्या विचाराने इथलेच झाले. भारतानंद या नावानेही ते ओळखले जात.

राजांची घोषणा झाली, पण घटना कशी असावी? मंडळी सेवाग्रामला गांधीजींकडे गेली. गांधीजींनी मसुद्यात स्वतः लक्ष घातले आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलेही. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य घटना अमलात आली. त्या वेळी देशात साडेपाचशेच्या वर संस्थाने होती. पुष्कळ ठिकाणी प्रजा हक्क मागत होती आणि लाठ्या खात होती. औंधात राजाने आपल्या हाताने अधिकार खाली ठेवला.

खालून वर चढणारा जिना

घटनेची बांधणी नीट समजून घेण्यासारखी आहे. साधारणपणे राज्य म्हटले की वर सिंहासन, मग दिवाण, मग मामलेदार, मग पाटील-तलाठी आणि सगळ्यांत खाली रयत, अशी उतरंड डोळ्यांपुढे येते. औंधच्या घटनेने ती उलटी केली. गावाने आपली पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुक्याची समिती बनायची. तालुक्यांनी आपले प्रतिनिधी वर संस्थानच्या विधिमंडळावर पाठवायचे. मंत्र्यांनी त्या विधिमंडळाला जबाबदार राहायचे. राजाचा मान राहिला, हुकूम गेला.

यात मुंबईच्या मतदाराला दिसले नसते असे एक मर्म आहे. विधिमंडळात बसलेला माणूस आधी कुठल्या तरी गावच्या पंचायतीत बसलेला असे. विहिरीचा वाद, पांदीचे अतिक्रमण, शाळेच्या भिंतीची पडझड हे सगळे पाहून तो वर गेलेला. लहानसहान तंट्यांचा निवाडाही गावच्या पंचायतीकडेच दिलेला होता. तालुक्याच्या कचेरीच्या पायरीवर तारखा मोजत बसण्यापेक्षा न्याय गावातच, लवकर आणि स्वस्तात मिळावा, हा हेतू.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची उघडी वसाहत वसविण्यात आली. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैद्यांनी शेती करावी आणि माणसात यावे. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला प्रेरणा मिळाली ती इथूनच. ज्या राज्याने रयतेवर विश्वास टाकला, त्याने कैद्यावरही टाकला.

पुढे बेचाळीसच्या चळवळीत साताऱ्याच्या प्रतिसरकारातल्या कार्यकर्त्यांना औंधच्या हद्दीत आसरा मिळत असे. कुंडल तर त्यांचे ठाणेच झाले. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि नऊ वर्षांचा हा प्रयोग संपला. त्यात कोणी हरले नाही. लहान घर मोठ्या वाड्यात सामील झाले एवढेच.

मताला साक्षरतेची अट

औंधच्या घटनेत एक अट होती, तिच्यावर आजही वाद घालता येईल. मत कोणाला? तर ज्याला लिहिता-वाचता येते त्या प्रौढाला. ही अट गांधीजींची. हेतू असा की, मताच्या ओढीने माणूस पाटी हातात घेईल. पण त्या काळी देशात शंभरातले नऊ-दहाच जण साक्षर होते. बायामाणसांत तर विचारूच नका. म्हणजे सुरुवातीला गावातल्या बहुतेक कष्टकऱ्यांच्या हाती मत नव्हते. ज्याच्या घामावर राज्य चालते त्याला शाळा मिळाली नाही, म्हणून मतही नाही, हे आम्हाला न्यायाचे वाटत नाही.

स्वतंत्र भारताच्या घटनेने ही अट ठेवली नाही. २६ जानेवारी १९५० पासून प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले. सही येवो की अंगठा उठवो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत वाचता न येणाऱ्यांसाठी पेट्यांवर चिन्हे चिकटविली गेली. बैलजोडीचे चिन्ह पाहून मत टाकलेली आजी-आजोबांची पिढी आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. लोकांनी ते मत शहाणपणाने वापरले.

तरीसुद्धा गांधीजींच्या अटीमागचा मुद्दा उरतोच. मत द्यायला वाचता यावे लागत नाही. हिशेब घ्यायला मात्र वाचावे लागते. चिन्ह ओळखून माणूस निवडता येतो, ताळेबंद चिन्हाने कळत नाही. आता आपल्या घरात दहावी-बारावी झालेली, कॉलेजात शिकलेली मुले-मुली, सुना आहेत. अहवाल मात्र पाकीट न फोडता कोनाड्यात जातो, असे होत असेल तर साक्षरतेचा उपयोग तो काय?

चेअरमन कोण निवडतो?

संसदीय लोकशाही म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले तर आम्ही म्हणू, आपल्या कारखान्याकडे पाहा. सभासद चेअरमनला थेट मत देत नाहीत. सभासद संचालक निवडतात आणि संचालक आपल्यातून चेअरमन निवडतात. पंतप्रधानांचेही तसेच. आपण खासदार निवडतो. लोकसभेत ज्याच्या पाठीशी बहुमत तो पंतप्रधान. बहुमत आहे तोवर खुर्ची, ते गेले की खुर्ची गेली. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारच्या बाजूने २६९ मते पडली आणि विरुद्ध २७०. एका मताने देशाचे सरकार गेले आणि ते सरळ राजीनामा द्यायला निघाले. ‘माझ्या एकट्याच्या मताने काय होतंय?’ असे म्हणणाऱ्याने हा दिवस ध्यानात ठेवावा.

कार्यकारी संचालक, शेतकी अधिकारी, चीफ केमिस्ट ही मंडळी म्हणजे सरकारातले सचिव आणि खातेप्रमुख. ते कामाचे जाणकार, पण धोरण ठरवायचे निवडलेल्यांनी. निवडलेल्यांनी उत्तर द्यायचे ते सभागृहाला, आणि आपले सभागृह म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. तिच्यावर कोणी नाही. मांडवात सतरंजीवर बसलेला सभासद हा त्या दिवशी आमदार-खासदारांच्या बरोबरीने बसलेला असतो. आपल्याला तसे वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

सहकाराने यात एक मोठी गोष्ट जपली. खाजगी कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मते जास्त. सहकारात सभासद एक, मत एक. शंभर एकर बागायतवाल्याचे एक आणि दीड एकरवाल्याचेही एकच. आपल्याच जिल्ह्यात लोणीच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांच्या दारोदार फिरून भाग गोळा केले. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा कारखाना फिरला. थोडे शिकलेला शेतकरी आणि विलायतेत शिकलेला पंडित एका मंडळात बसले. मत दोघांचे सारखेच. औंधात राजाने अधिकार खाली दिला. इथे शेतकऱ्यांनी तो आपल्या गाठीच्या पैशांतून उभा केला. म्हणून तो जपण्याची जबाबदारीही आपलीच.

ऊसवाल्यांनी ऐकावे असे एक गाव

औंधचा जिना पुढे साऱ्या महाराष्ट्रात आला, थोड्या वेगळ्या रूपात. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. फरक एवढाच की, आपल्याकडे प्रत्येक पायरीवर वेगळी थेट निवडणूक होते. औंधात खालची पायरीच वरची पायरी निवडीत असे.

कायदा सगळ्या गावांना सारखाच, पण ग्रामसभा खरी कशी चालते हे पाहायला लांब जायला नको. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला जावे. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून, म्हणजे गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून, त्या गावाने कारभार ग्रामसभेत आणला. पाऊस किती पडला ते मोजायचे, प्यायला किती, जनावरांना किती, शेतीला किती ते मांडायचे आणि मग पिके ठरवायची. पाण्याचा ताळेबंद साऱ्या गावापुढे. त्या हिशेबात उसासारखे जास्त पाण्याचे पीक बसले नाही, तेव्हा गावाने ते आपणहून वर्ज्य केले. आपण ऊसवाले, हे ऐकून कपाळाला आठी पडेल. पण निर्णय कोणता यापेक्षा तो कसा झाला, ते पाहावे. वरून हुकूम आला नाही. आकडे समोर ठेवले, लोक बोलले, ठरले, आणि ठरलेले पाळले. लोकशाही म्हणतात ती हीच.

दहा मिनिटांत मंजूर

आता आपल्याविषयी, आणि थोडे कडवट. सहकारी संस्थांच्या सभा कशा होतात, हे आपण गावोगाव पाहतो. विषय नंबर एक, मंजूर. विषय नंबर दोन, मंजूर. पुढच्या रांगेतून आवाज, मागच्या रांगेतून टाळ्या, दहा मिनिटांत वर्षाचा कारभार आटोपतो आणि मंडळी जेवणाच्या पंगतीकडे. एखादा सभासद माईक मागायला उठला, तर शेजारचाच त्याचा सदरा ओढतो, ‘बस रे, उगीच कशाला वाईट होतो?’ दुसऱ्या टोकाला नुसता आरडाओरडा, खुर्च्यांची फेकाफेक आणि गोंधळात सभा संपल्याची घोषणा. दोन्हींत हिशेब विचारायचा राहतोच.

कारभार करणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे. प्रश्न विचारणारा सभासद हा शत्रू नव्हे. उसाच्या फडात हुमणी दाखविणारा माणूस फडाचा वैरी नसतो. सान मारिनोच्या प्रमुखांना सहा महिन्यांनी तक्रारींना तोंड द्यावे लागते, म्हणून काही तो देश बुडाला नाही. उलट शेकडो वर्षे टिकला.

सभासदांच्या हाती काय आहे, तेही माहीत पाहिजे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. त्याच्या २७ व्या कलमाने भाग कितीही असले तरी मत एकच. ३२ व्या कलमाने सभासदाला संस्थेचे पोटनियम, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क आहे. ७५ व्या कलमाप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, वार्षिक सभा घ्यावी लागते. मध्येच काही गंभीर घडले तर एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केल्यावर विशेष सभा बोलावण्याची तरतूद ७६ व्या कलमात आहे. औंधच्या राजाने दिले त्यापेक्षा हे कमी नाही. फक्त हे हक्क कागदावर झोपलेले आहेत. त्यांना उठवायचे काम सभासदाचे.

तेव्हा आमचे सांगणे साधे आहे. अहवाल घरी आला की घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा सुनेला तो मोठ्याने वाचायला सांगावा. किती टन गाळप, साखर उतारा किती, तोडणी-वाहतुकीचा खर्च टनामागे किती, कर्ज किती आणि त्यावर व्याज किती, एवढे पाच आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. मागच्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवावा. जो आकडा वाढला त्याचे कारण काय आणि जो घटला त्याचे काय, असा एकच प्रश्न लेखी, नोटिशीतल्या मुदतीत कारखान्याच्या ऑफिसात द्यावा आणि पोच घ्यावी. भाषा सभ्य असावी, आकडा पक्का असावा. उत्तर मिळेपर्यंत सभेत बसावे. पटले तर हात वर करावा. नाही पटले तर तसे सांगावे आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाली की नाही, हे पुढच्या खेपेला पाहावे.

बहात्तर गावांच्या त्या विधिमंडळात बसणारे लोक आपल्यासारखेच होते. कोणी मेंढरे राखणारा, कोणी कोरडवाहू कुळंबी. राज्य चालवायचे शिक्षण त्यांना कोणी आधी दिले नव्हते. चालविता चालविताच ते शिकले. आपल्याला तर कारखाना चालविता चालविता सत्तर वर्षांवर झाली आहेत. पुढच्या सर्वसाधारण सभेची नोटीस येईल तेव्हा ती खिळ्याला अडकवून न ठेवता तारीख ध्यानात ठेवावी, आणि त्या दिवशी पाण्याची पाळी असली तर ती शेजाऱ्याला देऊन सभेला यावे.